मालानच्या लग्नातली ग्रिंद

मालानला नको तिथं हसू यायचं. आजोबांच्या दफनाच्या वेळी शेजारच्या म्हातारीची टोपी वाऱ्यानं उडाली आणि नेमकी खड्ड्यात जाऊन पडली. सगळं गाव मान खाली घालून उभं, आणि ही दहा वर्षांची पोर अशी खिदळली की आईनं तिला दंडाला धरून कुंपणापलीकडे नेऊन उभं केलं. तिथंही ती हसतच होती. पुढं शाळेत, प्रार्थनेत, डॉक्टरसमोर तोंड उघडून बसल्यावर, कुठंही तिचं हसू सुटायचं. त्यामुळं तिचं लग्न ठरलं तेव्हा आईला काळजी होती ती एकच.

"पाद्रीबाबा प्रश्न विचारतील तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघू नकोस," आई म्हणाली. "मागं खिडकी आहे ना, तिच्यातून बाहेर बघ. पाणी बघ. पाण्यात हसण्यासारखं काही नसतं."

क्वाल्ब्याच्या चर्चची ती खिडकी सरळ खाडीवर उघडते. तिन्ही बाजूंना डोंगर, चौथ्या बाजूला खाडी, आणि खाडीच्या टोकाला वाळूचा किनारा, असं ते डेन्मार्कच्या राज्यातल्या उत्तरेकडच्या बेटावरचं गाव. पुरुष कोळशाच्या खाणीत नाहीतर बोटीवर. बायका किनाऱ्यालगतच्या खडकांवर खारवलेला कॉड मासा वाळवायला. मालान चौदाव्या वर्षापासून तेच करत होती. मासे पसरायचे, पावसाचा थेंब आला की गोळा करायचे, ऊन आलं की पुन्हा पसरायचे. दिवसभर एक डोळा आभाळावर आणि एक पाण्यावर. अशानं नजर तयार होते. खाडीच्या तोंडाशी आलेली बोट कोणाची, हे बोटीवरच्या माणसांना घरचा धूर दिसायच्या आत मालान सांगायची.

नवरा मुलगा हानुस. खाणीत काम करायचा. बोलायचा कमी, पण मालान हसायला लागली की हाही हसायचा, कशाला ते न विचारता. तेवढ्यावर तिनं त्याला पसंत केलं होतं. दुसरं महायुद्ध संपून आठ वर्षं झाली होती, ऑगस्ट महिना होता, आणि कधी नव्हे ते दुपारी लख्ख ऊन पडलं होतं.

चर्च गच्च भरलं होतं. मालाननं आजीची लाल चोळी घातली होती, पुढं चांदीच्या साखळीनं आवळलेली. हानुस गुडघ्यापर्यंतची विजार, चांदीच्या बटणांचा कोट आणि कमरेला म्यानात सुरी अशा थाटात उभा होता. लग्नाच्या पोशाखात सुरी लागतेच. पाद्री मोगेन्स डेन्मार्कहून येऊन चारच महिने झाले होते. पोरगेलासा माणूस. मानेभोवती चुण्याचुण्यांची पांढरी गोल कॉलर, ताटाएवढी, आणि त्या ताटात ठेवल्यासारखं गुलाबी तोंड. मालाननं एकदाच त्या तोंडाकडे बघितलं आणि हसण्याची उकळी यायला लागली तशी घाईघाईनं खिडकीकडे नजर वळवली.

पाणी शांत होतं. मग एका जागी ते शांत राहिलं नाही.

"मालान, तू या हानुसला," पाद्रीबाबा म्हणत होते, "सुखात आणि दुःखात, देवासमोर आणि या सगळ्या साक्षीदारांसमोर, नवरा म्हणून स्वीकारतेस का?"

"ग्रिंद!" मालान म्हणाली.

पहिल्या बाकावर आईनं डोळे मिटले. तिला वाटलं, सुटलं पोरीचं हसू.

पण मालान हसत नव्हती. ती खिडकीकडे बोट दाखवत होती. "ग्रिंद आलीय! उत्तरेकडच्या खडकाच्या आत! शंभर तरी असतील!"

ग्रिंद म्हणजे खाडीकडे आलेला कळप, काळ्याकुट्ट, गोल कपाळाच्या, होडीएवढ्या लांब डॉल्फिनांचा. त्यांना होड्यांनी किनाऱ्याला हाकणं, तीही ग्रिंद. आणि ताटात बटाट्याशेजारी पडतं ते मांस, तीही ग्रिंदच. एका शब्दात सगळं भागतं. ती दरसाल येतेच असं नाही. तीन वर्षं क्वाल्ब्यात आली नव्हती. घराघरातली मिठाची पिंपं रिकामी होती.

दोनशे माणसं एकदम उठली. एक बाक उलटलं. कोणाची तरी आजी त्याच्यावरून पोरीसारखी उडी मारून गेली. व्हायोलिनवाला व्हायोलिन बाकावर टाकून पळाला. मालानचा बाप तिच्याजवळून गेला, थांबला, तिच्या गालाचा मुका घेतला, "शाब्बास!" म्हणाला आणि दिसेनासा झाला.

हानुस तेवढा जागच्या जागी होता. त्याची नजर एकदा मालानवर, एकदा दारावर.

"जाऊ?" त्यानं विचारलं.

"अजून इथंच उभा आहेस?"

त्यानं तिचा हात एकदा घट्ट दाबला, पाद्रीबाबांना वाकून नमस्कार केला आणि असा धावला की दारातल्या पायरीवर त्याच्या बुटाचं एक बक्कल तुटून राहिलं.

मालान मात्र हलली नाही.

हे तिच्या होणाऱ्या सासूच्या, बिल्लामावशीच्या, लक्षात आलं. बिल्लामावशी दारापर्यंत पोचली होती. शाल काढून हातात घेतली होती, होडीवाल्यांना खुणा करायला. ती मागं वळली. "चल गं! तू बघितलीस आणि तूच मागं?"

"माझे बूट चावतायत," मालान म्हणाली.

बिल्लामावशीनं तिला लहानपणापासून बघितलं होतं. ही पोर गोवर अंगावर असताना अंथरुणातून उठून ग्रिंद बघायला आली होती. हिला बूट चावले तर हिनं बूट फेकून दिले असते. बिल्लामावशी परत आली. तिची नजर मालानच्या पायांवर गेली, मग वर सरकत चोळीच्या साखळीवर थांबली. साखळी असायला हवी त्याच्यापेक्षा दोन कड्या सैल होती.

आता, ग्रिंद येते तेव्हा दोन माणसांनी किनाऱ्यावर दिसायचं नसतं. एक पाद्री, आणि दुसरी पोटुशी बाई. त्यांच्यापैकी कोणी नजरेला पडलं की कळप फिरतो आणि समुद्राला लागतो. हे खरं की खोटं याची परीक्षा आजवर कोणी घेतलेली नाही, कारण सगळ्या गावाचं हिवाळ्याचं जेवण घालवून परीक्षा घेणार कोण?

"किती?" बिल्लामावशीनं हळूच विचारलं.

"अडीच महिने," मालान म्हणाली, आणि तिला भयंकर हसू यायला लागलं.

"हसू नकोस! हानुसला माहीत आहे?"

"त्याला माहीत आहे. तुम्हाला पुढच्या महिन्यात सांगणार होतो."

रागावायचं की काय करायचं हे ठरवायला बिल्लामावशीला वेळ नव्हता, बाहेर होड्या पाण्यात पडल्याचे आवाज येत होते. "खिडकीखाली बस," ती म्हणाली. "जमिनीवर. आणि डोकं वर काढलंस तर लग्न मोडलं म्हणून समज." मग तिचं बोट पाद्रीबाबांकडे वळलं. "तुम्हीसुद्धा!"

"मी?" पाद्री मोगेन्स म्हणाले. "पण मला बघायचंय."

"खाली!" बिल्लामावशी ओरडली आणि शाल फडकावत निघून गेली.

अशा तऱ्हेनं नवरी आणि पाद्री चर्चच्या फरशीवर, भिंतीला पाठ लावून, शेजारी शेजारी बसले. वरच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा समोरच्या रिकाम्या बाकांवर पडला होता. बाकांवर हातमोजे, प्रार्थनेची पुस्तकं आणि कोणाची तरी कवळी पडली होती.

"आता काय होतंय?" पाद्रीबाबांनी विचारलं.

मालान कान देऊन ऐकत होती. "होड्या कळपाच्या मागं चालल्यात. मोठं अर्धवर्तुळ करतील. दगड टाकतायत, ऐका, दोरीला बांधलेले. आवाजाला ते पुढं सरतात."

"आणि आता?"

"आता गप्प राहायचं."

बाहेर खरोखरच सगळं चिडीचूप झालं होतं. दोनशे माणसं किनाऱ्यावर आणि एकाच्या तोंडून शब्द नाही. वरच्या डोंगरावर मेंढ्या ओरडत होत्या.

मग किनाऱ्यावरून एक लांब, दबका हुंकार आला. वाईट हुंकार. मालाननं तो लहानपणी एकदा, कळप निसटला तेव्हा, ऐकला होता.

"काय झालं?"

"थांबले. फिरतायत वाटतं." तिनं मान वळवली आणि तिचे डोळे विस्फारले. पाद्रीबाबा गुडघ्यांवर उभे होते. त्यांचं नाक खिडकीच्या काठावर होतं, आणि नाकाखाली ती ताटाएवढी पांढरी कॉलर भर उन्हात चमकत होती.

मालाननं त्यांचा झगा दोन्ही हातांनी धरला आणि खाली ओढला. पाद्री मोगेन्स दाणकन फरशीवर आपटले.

"अहो, काय करताय! तीन वर्षं झाली आम्हाला! लोकांनी काय खायचं?"

"मुली, मी देवाधर्माचा माणूस आहे, असल्या समजुतींवर माझा," पाद्रीबाबा सुरू झाले, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाहेर एवढी मोठी आरोळी उठली की खिडकीची काच थरथरली. मग होड्यांच्या कडा बडवल्याचा आवाज, मग पाण्याचा आवाज, शंभर शेपट्यांनी एकदम उडवलेल्या पाण्याचा.

"फिरले," मालान म्हणाली. "किनाऱ्याकडे फिरले!"

पाद्रीबाबांनी कॉलर सोडवली, घडी घालायचा प्रयत्न केला, जमलं नाही तेव्हा तिच्यावर बसले. मालानच्या हसण्याचा बांध तिथं फुटला. ती हसता हसता फरशीवर आडवी झाली, आजीच्या चोळीसकट. तिचं बघून पाद्रीबाबाही हसायला लागले. चार महिन्यांत त्यांना गावात पहिल्यांदाच हसू आलं होतं. बोटीवर उलट्या करत, पावसात भिजत, कोणाचं बोलणं नीट न कळत त्यांनी ते महिने काढले होते.

बाहेर काय चाललंय ते मालानला न बघता दिसत होतं. पुढचे मासे वाळूला टेकले असतील. पुरुष छातीभर पाण्यात शिरले असतील. मानेमागे एक वार, तो नीट बसला तर जनावर क्षणात जातं, म्हणून तो नीट कसा बसवायचा हे माणसं बापाकडून शिकतात. पाणी लाल झालं असेल. तिला त्याचं वाईटही वाटायचं, लहानपणी तर रडूही यायचं, आणि रडून झाल्यावर तीच पहिली ताट घेऊन बसायची. तिच्या आईनं तिला कधी समजावलं नव्हतं. दोन्ही खरंच होतं.

तासाभरानं सगळं शांत झालं, आणि मग दुसराच गोंधळ सुरू झाला. त्यात मालानचं नाव ऐकू यायला लागलं.

त्याचं असं होतं. ग्रिंद ज्याच्या नजरेला सगळ्यात आधी पडते त्याला कळपातला एक अख्खा मासा मिळतो, बाकीचा वाटा सगळ्या घरांत सारखा. आणि सकारिस नावाचा म्हातारा वाळूवर उभा राहून छाती ठोकत होता की आधी मीच बघितली. सकारिस लग्नाला आला नव्हता. हानुसच्या बापाशी त्याचं मेंढ्यांच्या कुंपणावरून अकरा वर्षांचं भांडण होतं. सगळं गाव चर्चमध्ये गेल्यावर तो रागानं खाडीच्या तोंडाशी मासे धरायला जाऊन बसला होता.

निवाडा करायला मामलेदार होते. शेजारच्या त्वोरोइरी गावाहून मोटारीनं ते नुकतेच येऊन पोचले होते, टोपी घालून, वही काढून. त्यांनी नवरीला बोलावणं पाठवलं. आता मासे वाळूवर होते, कळप फिरायची भीती नव्हती, तेव्हा मालान आणि पाद्रीबाबा दोघंही आले. पाद्रीबाबांची कॉलर चपटी झाली होती.

"सकारिस, तुम्ही कधी बघितली?" मामलेदारांनी विचारलं.

"सगळ्यांच्या आधी!"

"कोणाला सांगितलंत?"

"सांगणार कोणाला? सगळे तिकडं लग्नात! मी धावत निघालो, तर अर्ध्या वाटेत हे सगळे बोंबलत माझ्या अंगावर आले. मला तुडवलं यांनी!"

"म्हणजे सांगितली नाहीत."

"साहेब, मला दम्याचा त्रास आहे!"

मामलेदार मालानकडे वळले. "आणि तू?"

"मी 'ग्रिंद' म्हणाले."

"केव्हा?"

मालान लाजली. उत्तर पाद्री मोगेन्सनी दिलं. "मी तिला देवासमोर आणि साक्षीदारांसमोर प्रश्न विचारला, त्याचं उत्तर म्हणून."

मामलेदारांनी पेन्सिल ओठाला लावली. "म्हणजे शपथेवर."

"तसं म्हणता येईल," पाद्रीबाबा म्हणाले.

"दोनशे साक्षीदार, आणि शपथेवर. माझ्या सगळ्या नोकरीत असा पुरावा बघितला नाही." त्यांनी वही उघडली. "मासा मुलीचा. नाव काय लिहू? बापाच्या घरावर लिहू की नवऱ्याच्या?"

मालानचा बाप म्हणाला, "माझ्या." हानुसचा बाप म्हणाला, "वा! तिला आमच्या घरात आलेली धर ना." "कुठं आली? तिनं 'हो' म्हटलंय का?" "म्हणणारच होती!" "ती काय म्हणाली ते मामलेदारांच्या वहीत आहे!"

"हानुस कुठाय?" मालाननं विचारलं.

हानुस गर्दीच्या मागं होता. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, कोपरापर्यंत लाल, टोपी गेलेली, कोटाची तीन बटणं गेलेली. थंडीनं त्याचे दात वाजत होते आणि तो कानापासून कानापर्यंत हसत होता.

"पाद्रीबाबा, विचारा आता," मालान म्हणाली. "इथंच."

"इथं? मुली, इथं चर्च नाही, वेदी नाही."

"मग चला आत. पण लवकर. मामलेदार वही उघडून उभे आहेत."

सगळं गाव परत चर्चमध्ये शिरलं, पाणी निथळत, बुटांतून चुबुक चुबुक आवाज करत. एवढा वास कोणत्याच लग्नाला आला नसेल. सकारिसही शिरला, कारण त्याला तक्रार पुरी करायची होती, आणि बसायला जागा मिळाली ती नेमकी हानुसच्या बापाशेजारी. पाद्रीबाबांनी पहिल्यापासून प्रश्न विचारला. या वेळी मालाननं खिडकीकडे बघितलं नाही. तिनं हानुसकडे बघितलं. त्याच्या कानात समुद्रातलं शेवाळ अडकलं होतं. ती हसायला लागली, हानुस हसायला लागला, आणि दोघांच्या हसण्यात कुठंतरी एक "हो" होता असं पाद्रीबाबांनी जाहीर केलं.

"पुरे," मागच्या बाकावरून मामलेदार म्हणाले आणि वहीत लिहिलं.

आपला मासा निवडायचा मान मालानचा होता. तिनं मधलासा निवडला, कारण फार मोठ्याचं मांस निबर असतं. मग ती सकारिसकडे गेली.

"काका, डोकं तुम्ही न्या. डोक्याचं मांस आईसारखं मला शिजवता येत नाही."

"दया नकोय मला," सकारिस म्हणाला.

"दया कसली? तुडवल्याची भरपाई."

म्हाताऱ्यानं थोडा वेळ मिशी चावली. "आणि थोडी चरबी," तो म्हणाला.

लग्नाच्या जेवणात मटण होतंच, पण त्याला कोणी हात लावला नाही. मोठ्या हंड्यांत ताजं मांस उकळलं. काळं, अगदी कोळशासारखं काळं मांस, शेजारी पांढऱ्या चरबीच्या चकत्या आणि सालासकट बटाटे. पाद्री मोगेन्सनी आजवर ते टाळलं होतं. बिल्लामावशीनं त्यांच्या ताटात वाढलं आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

त्यांनी मांसाचा तुकडा खाल्ला. मग चरबीचा. बराच वेळ चावत राहिले.

"कसं आहे?"

"गाईसारखं," ते म्हणाले, "पण समुद्रात राहिलेल्या गाईसारखं." आणि त्यांनी ताट पुढं केलं.

मग नाच. ग्रिंदीनंतर ओल्या कपड्यांनी नाचायचं असतं, आणि लग्नानंतर कोरड्या कपड्यांनी. त्या संध्याकाळी कोणाला काही ठरवावं लागलं नाही. हातात हात घालून साखळी झाली, घरात मावेना म्हणून एका दारानं बाहेर पडून दुसऱ्यानं आत आली. वाद्य कसलं नाही, नुसत्या आवाजांवर आणि पायांच्या ठोक्यांवर. गाणं सांगायला सकारिस पुढं होता. त्याला शंभर कडव्यांची गाणी पाठ होती आणि दम्याचं त्यानं नावही काढलं नाही. त्याचा एक हात हानुसच्या बापाच्या हातात होता. दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही, पण हात सोडलेही नाहीत.

"तू बस," बिल्लामावशीनं मालानला सांगितलं. "तुझ्या अवस्थेत नाचत नाहीत."

"कुठल्या अवस्थेत?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"बूट चावतायत तिला," बिल्लामावशी म्हणाली. शेजारची बाई हसली. तोवर सगळ्या गावाला कळलं होतं. लग्नाच्या दिवशी नवरी ग्रिंद सोडून खिडकीखाली का बसली, याचा अर्थ क्वाल्ब्यात लहान पोरालाही सांगावा लागत नाही. मालान उठली, साखळी तोडून हानुस आणि पाद्रीबाबांच्या मध्ये शिरली आणि नाचली.

फेब्रुवारीच्या अखेरीला तिला मुलगी झाली. त्यानंतर बारा वर्षांत आणखी चार मुलं. आणि नशिबाची थट्टा अशी की त्या वर्षांत क्वाल्ब्यात ग्रिंद चारदा आली आणि चारही वेळा मालान पोटुशी. चारही वेळा ती परसातल्या वाळवणाच्या खोलीत, टांगलेल्या मांसाच्या पट्ट्यांमध्ये, दार लावून बसली आणि फटीतून येणाऱ्या आवाजांवरून मुलांना सगळी हकीकत सांगत राहिली. मुलांना ती खऱ्या ग्रिंदीपेक्षा जास्त आवडायची.

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी एकदा जून महिन्यात फोन वाजला, कळप खाडीच्या तोंडाशी आला होता. मालाननं पीठ मळायचं टाकून हात पुसले. मुलं मोठी झाली होती, पोटात कोणी नव्हतं. ती स्कर्ट कमरेला खोचून किनाऱ्यावर गेली आणि मासे ओढायच्या दोरीला, पुरुषांच्या रांगेत, हानुसच्या मागं उभी राहिली. बर्फासारखं पाणी मांड्यांपर्यंत आलं. म्होरक्यानं हात वर केला, सगळे श्वास रोखून थांबले, आणि त्या सगळ्या शांततेत मालानला हसू फुटलं.

"गप!" म्होरक्या दबक्या आवाजात म्हणाला.

हानुसचे खांदे हलत होते.